नदीत सोडलेला तांदूळ

माझ्या कामाची पद्धत ठरलेली आहे. आधी रकाने आखायचे, मग त्यांत मजकूर भरायचा. गोंदियातल्या एका शाळेचं ग्रंथालय मी वीस वर्षं असंच चालवलं. ती नोकरी सोडल्यावर नागपूरच्या एका संस्थेसाठी घरी बसून जुन्या दप्तरांच्या सूच्या करू लागले. संस्था स्कॅन पाठवते, मी प्रत्येक कागदाला क्रमांक, वर्णन आणि वर्ग देते. वेळेत देते. चुकत नाही, असं तेव्हा मी छातीठोकपणे सांगत असे.

गेल्या वर्षी जे दप्तर आलं ते एका इंग्रज कंपनीचं होतं. तिच्या खाणी नायजेरियातल्या एका पठारावर होत्या आणि त्यांतून कथील निघे. कथील म्हणजे पितळी भांड्यांना कल्हई करायला लागतं ते. आमच्या सासूबाईंना मी आधी नुसतं "टिनाची खदान" म्हणाले, तर त्यांनी छपराकडे बोट दाखवलं.

"पत्रे जमिनीतून काढते का वं?"

सासूबाई सडक अर्जुनीकडच्या. आता आमच्याजवळ गोंदियात राहतात आणि दुपारी माझ्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसतात. पडद्यावर जे चाललं असेल त्यावर त्यांचं मत असतंच.

दप्तर वाचता वाचता त्या कंपनीचा इतिहास मला पाठ झाला. पठारावरचे लोक कंपनी यायच्या आधीपासून कथील गाळत होते. मातीच्या भट्टीत वितळवून त्याच्या बारीक काड्या ओतत आणि बाजारात नेत. गोऱ्या व्यापाऱ्यांनी त्या काड्या पाहिल्या, माग काढत ते खाणीपर्यंत पोचले आणि त्यांनी परवाने मिळवले. पुढे गावच्या भट्ट्या बंद पडल्या. रेल्वे येईपर्यंत कथिलाची पोती माणसांच्या डोक्यावरून नदीच्या बंदरापर्यंत जात. दुसऱ्या महायुद्धात सक्तीने मजूर आणले. शेवटी कंपनी उठून गेली आणि मागे पाण्याने भरलेले खड्डे राहिले. आमच्या जिल्ह्यात तळी बांधलेली आहेत. तिथली तळी खोदून सोडून दिलेली.

फोटो भरपूर होते. मी त्यांचे वर्ग पाडले: यंत्रं, वाहतूक, अधिकारी, मजूर, घरकाम, परिसर. एकेक फोटो उघडायचा, दोन ओळी लिहायच्या, वर्ग द्यायचा, पुढे जायचं. मुदतीच्या नऊ दिवस आधी यादी गेली आणि मंजूरही झाली.

महिन्याभराने संस्थेने नागपूरहून एक ईमेल माझ्याकडे पुढे पाठवला. लिहिणारी बाई त्याच पठारावरची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. कंपनीच्या जुन्या कार्यालयात आता तिथले लोक एक दालन उभारत होते. त्याच्या मोठ्या भिंतीवर खाणीत राबलेल्या माणसांचे फोटो लागणार होते, आणि ते आमच्या यादीतल्या 'मजूर' या वर्गातूनच घ्यायचे असं दालनाच्या समितीने ठरवलं होतं. एका फोटोत या बाईंना आपली आई सापडली होती. कपाळावर तिरकी खूण होती, तिच्यावरून त्यांनी ओळखलं. आईने आयुष्यभर खाणीवर कथील धुतलं, असं त्या लहानपणापासून सांगत आल्या होत्या. पण यादीत त्या फोटोसमोर मी लिहिलं होतं: 'घरकाम. अनामिक स्त्री ओढ्यात तांदूळ रोळताना.' समितीतले पुरुष आता त्यांना हसत होते. तुझी आई साहेबांचा भात रांधायची, म्हणत होते. भिंतीवरचे फलक शुक्रवारी छापायला जाणार होते. ईमेल आला तो मंगळवार.

मी फोटो पुन्हा उघडला. गुडघाभर पाण्यात वाकलेली बाई. हातात भोपळ्याचं अर्धं कवच, परातीसारखं पसरट. मनगटं वळलेली, कवच एका बाजूला कललेलं, काठावरून पाण्याबरोबर बारीक दाणे ओघळत होते. धानाच्या जिल्ह्यात जन्म गेलेल्या बाईला यात शंका कसली? गावच्या गिरणीवरून आलेला तांदूळ आम्ही असाच रोळतो. पाण्यात गोल हलवायचा, वर येणारा तांदूळ हळूहळू दुसऱ्या पातेल्यात, गंजात, ओतायचा, खडे तळाशी राहतात ते फेकायचे. मी सभ्य उत्तर लिहायला घेतलं. आपल्या भावना समजतात, परंतु कौटुंबिक आठवण हा पुरावा धरता येत नाही, वगैरे.

सासूबाई शेंगा सोलत होत्या. मान लांब करून त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"हे कोन होय?"

"आफ्रिकेतली बाई आहे, आई. तांदूळ रोळते आहे."

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाल्या, "मंग तांदूर नदीत काऊन सोडून राहिली?"

मी फोटो मोठा केला.

"दुसरा गंज कुठी आहे? खाली तं वाहतं पानी आहे. सारा भात मासोऱ्याईले चारून राहिली का? मले तं हे बाई तांदूर धुतानी नाही दिसत. तुले काऊन दिसते?"

कवचाच्या खाली खरोखरच दुसरं भांडं नव्हतं. वर आलेलं सगळं ओढ्यात जात होतं. म्हणजे तिला हवं होतं ते तळाशी होतं.

तरी मला खात्री हवी होती. शेजारी बांधकाम चाललं होतं, तिथून तगारीभर वाळू आणली. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून कागदात लोखंडाचा चुरा आणला. दोन्ही परातीत कालवलं आणि मागच्या नळाखाली बसले. सासूबाई खुर्चीसकट मागे आल्या.

"इतकी जोरात नोको हलवू. भांडन आहे का तिच्यासंग?"

हात तांदूळ रोळायचाच, तेच वळण, तोच कल. वाळू काठावरून निघून गेली. शेवटी तळाशी काळ्या चुऱ्याची चंद्रकोर उरली. कथिलाची खनिज वाळूही साध्या वाळूपेक्षा कितीतरी जड असते, हे मीच दोन महिन्यांपूर्वी कंपनीच्या एका अहवालाच्या वर्णनात लिहिलं होतं. वेगळ्या रकान्यात.

मग आत येऊन मी त्या फिल्मच्या रोलवरचे सगळे फोटो क्रमाने लावले. आधीच्या फोटोत कथिलाची वाळू धुवायची लाकडी पन्हळ होती. त्यावर मी लिहिलं होतं, 'परिसर, ओढा'. नंतरच्या फोटोत एक मुकादम पोत्याचं तोंड बांधत होता, तो 'मजूर'. तिन्ही फोटोंत मागे तोच खडक. एकाच दुपारचं एकच काम मी तीन वर्गांत वाटून टाकलं होतं. मजुरांचं रजिस्टर उघडलं. कंपनी जमिनीचा तुकडा एका मुकादमाला द्यायची आणि त्याच्या टोळीने आणलेलं कथील तोलून घ्यायची. रजिस्टरात नाव फक्त मुकादमाचं. टोळीत कोण होतं हे लिहायचं कंपनीला कारण नव्हतं. मला होतं, आणि मी 'अनामिक स्त्री' लिहून पुढे गेले होते.

बुधवारी सकाळी नागपूरला समन्वयकांना फोन लावला.

"मॅडम, यादी लॉक झाली आहे," ते म्हणाले.

"उघडा."

"कारण लिहावं लागते. काय लिहू? स्कॅन खराब होतं म्हणू का?"

"स्कॅन चांगलं आहे. सूचीकाराची चूक, असं लिहा."

"अरे, कायले लफडं ओढून घेता? एका फोटोसाठी?"

"एक नाही. 'घरकाम' पूर्ण तपासते आहे. संध्याकाळपर्यंत देते."

"तुम्ही कधी चुकत नाही म्हणून तर हे काम तुम्हाला दिलं होतं," ते म्हणाले. टोमणा होता की कौतुक, ते विचारायला मला वेळ नव्हता.

'घरकाम' मधून आणखी अकरा फोटो 'मजूर' मध्ये गेले. सगळ्यांत बायका होत्या, सगळ्यांच्या हातांत कवच किंवा टोपली. प्रत्येकासमोर मी कारण लिहिलं: वर आलेलं सोडलं आहे, तळाचं ठेवलं आहे. दोन फोटोंत मात्र खरंच स्वयंपाक चालला होता. तिथे शेजारी दुसरं भांडं होतं. ते होते तिथेच ठेवले.

शिक्षिकाबाईंना मी लांबलचक पत्र लिहिलं नाही. चूक माझी होती, ती कशी झाली आणि कोणी पकडली, एवढंच लिहिलं. खाली विचारलं: आईचं नाव कळवाल का? रकाना रिकामा आहे. नाव आलं, मी ते स्वतः टंकलं, दोनदा तपासलं आणि बुधवारी सात वाजता यादी परत लॉक झाली.

पंधरा दिवसांनी भिंतीचा फोटो आला. मुकादमाच्या शेजारी, त्याच्याच मापात, पाण्यात वाकलेली ती बाई होती आणि खाली नाव. भिंतीसमोर उभ्या शिक्षिकाबाई, डोक्याला निळा फेटा, हात आईसारखेच वळवून दाखवत होत्या. सोबत त्यांच्या आवाजातला संदेश होता. त्यातलं एक वाक्य मी सासूबाईंना मराठीत सांगितलं: "तुमच्या सासूबाईंना सांगा, समितीला मी तोच प्रश्न विचारला. नदीत कोणी तांदूळ सोडतं का?"

सासूबाईंनी फोटो जवळ घेऊन पाहिला.

"तेच तं मी म्हनून राहिली होती," त्या म्हणाल्या. मग फोटोवर बोट ठेवून, "पाह्य, मनगट कसं ठेवलं आहे तिनं. तुह्यापेक्षा बरं."