पिवळ्या मोसंबीसाठी जामखेड ते देवळाली प्रवरा

चाळीस मोसंबीची झाडं तोडायची की राखायची, एवढं ठरवायला एकाहत्तर साली आम्ही नवरा-बायको जामखेडहून देवळाली प्रवरेला निघालो. नवी पालवी पिवळी पडायची, शिरा तेवढ्या हिरव्या. पानं बारकी, चिंचोळी. शेजारचे तात्या रोज बजावायचे, "रोग हाय त्यो. सोमवारी कुऱ्हाड घिऊन येतो, न्हाईतर माझीबी बाग जाईल." वडिलांनी कावडीनं पाणी घालून जगवलेली झाडं ती! घशाखाली घास उतरेना. हिचा भाऊ किसन देवळालीचा जुना बागाईतदार. म्हटलं, त्याला पानं दाखवू. हिनं ती फडक्यात बांधून घेतली.

पहाटेची एसटी धरली. तुम्ही जाणार असाल तर आजही सकाळीच निघा. आष्टी-कड्याच्या बाजूला ऊन चढलं की जीव नकोसा होतो. नगरच्या स्टँडवर गाडी बदलली, बाकावर बसून भाकरी-ठेचा खाल्ला, वर काही पैशांत कपभर चहा. राहुरीच्या पुढं कालव्याचं पाणी आणि उसाचं रान दिसलं, अन् आम्हा माळावरच्या माणसांचे डोळे निवले.

किसननं ओसरीवर फडकं सोडलं आणि हसतच सुटला. "दाजी, ही पानं तर माझ्यापरीस धडधाकट हायेत!"

मी हिच्याकडं पाहिलं. ही हळूच म्हणाली, "म्हायेराला रोगट पानं कशी आनायची? म्या चांगली चांगली येचून बांधली."

"अक्का, वैद्याकडं जाताना दुखरा पाय घरी ठिवतीस का गं?"

मी कपाळाला हात लावला. पण किसननं बागेत नेलं. कोपऱ्यातल्या एका झाडाची पालवी बघून मी ओरडलोच, "हेच! अगदी हेच!"

"मग कुऱ्हाड कशाला? झाडाला जस्ताची भूक हाय. चुनखडीच्या रानात जस्त असून झाडाला गावत न्हाई." त्यानं फवारा सांगितला: शंभर लिटर पाण्याला अर्धा किलो झिंक सल्फेट अन् पाव किलो विझवलेला चुना.

"आमचं लई बिघडलंय. दुप्पट टाकू का?" मला शेणखताची सवय, दोन पाट्या जास्त पडल्या तर रान हसतंच.

त्यानं पुढची ओळ दाखवली. पानं कडेनं करपलेली, निम्मी खाली गळलेली. "मीबी असाच शहाना हुतो. जस्त वाढवलं अन् चुना इसरलो. चुन्याबिगर त्ये पान जाळतं. मीठ लागतं म्हनून कुनी मिठाचीच भाजी करतं व्हय?"

रात्री वांग्याची भाजी, बाजरीची भाकरी आणि गूळ-तूप. कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो. दुसऱ्या दिवशी राहुरीत सल्फेट घेतलं आणि परतलो.

सोमवारी तात्या कुऱ्हाडीसकट हजर. "नवी फूट येईस्तवर दम धरा," म्हणून मी हात जोडले. ते कुरकुरत गेले. फवाऱ्याला माझा हात सैल सुटायचा, म्हणून तराजू हिनंच धरला.

जुनी पानं तशीच राहिली, पण पुढची फूट हिरवीगार आली. जीव भांड्यात पडला. तात्यांनी एका कोवळ्या पानावरून बोट फिरवलं, घसा खाकरला. "माझ्याबी दोन झाडांना तसंच दिसतंय. उरलंय का थोडं?"

किसननं आपली फजिती झाकली असती, तर माझी बाग मीच जाळली असती. म्हणून तात्यांना आधी त्याची करपलेली ओळ सांगितली, चुना हातात दिला, आणि मगच उरलेल्या सल्फेटची पुडी दिली.