बावखलाचा अर्ज

आमच्या वाडीत केळी होत्या, पानवेली होत्या, कडेने सोनचाफा होता, पण या सगळ्यांचा जीव होता बावखलात. वसईत गोड्या पाण्याच्या खोदलेल्या तळ्याला बावखल म्हणतात. आमचं बावखल अर्धं आमचं आणि अर्धं शेजारच्या ख्रिस्ती घराचं. मधून बांध वगैरे नव्हता. पाण्यात कुठला बांध घालणार? एक दिवस आमचा पंप चाले, एक दिवस त्यांचा.

उन्हाळ्यात गाळ काढायचा तर दोन्ही घरचे कर्ते पुरुष हजर लागत. शेजारचे काका बोटीवर नोकरीला. ते रजेवर येईपर्यंत गाळ तसाच राही. एका वर्षी त्यांची रजा इतकी लांबणीवर पडली, की केळीची पानं पिवळी पडायला लागली. आईने कुरकुर केली तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "बावखलाचं काम एकट्यानं करीत नाय." त्यांनी त्या आवाजात काही सांगितलं की आमच्या घरात पुढे कुणाचं चालत नसे. मला त्या आवाजाचा तेव्हाही राग यायचा.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माणिकपूरकडे भराभर इमारती उठत होत्या आणि त्यांतल्या माणसांना रस्ता हवा होता. आमच्या वाडीला लागून जाणारा रस्ता रुंद करायचं ठरलं, मोजणीवाले येऊन गेले आणि आमच्या वाडीची एक पट्टी अख्ख्या बावखलासकट सरकारने घ्यायची ठरवली. जाऊ नये असं खूप वाटलं तरी जाणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. पावसाळा संपता संपता दोन्ही घरांत निवाड्याची नोटीस आली. जमिनीला बरा भाव होता, झाडांचा हिशेब वेगळा धरला होता. बावखलापुढे मात्र लिहिलं होतं, 'पडीक, खड्डा'. मोबदला जवळजवळ नाहीच.

दादांनी नोटीस दोनदा वाचली. "खड्डा," ते म्हणाले. "इतकी वर्सं आमी खड्ड्यातलं पानी प्यालो काय?" त्यांना पैशांची हाव नव्हती. ते पाणी होतं, एवढं सरकारने कबूल करावं, असं त्यांना वाटत होतं. आणि पुढे बोअर मारायची तर हाताशी काही हवंही होतं.

मी तेव्हा माणिकपूरला एका ऑफिसात टायपिस्ट होते. खालच्या मजल्यावर एक वकील बसत. जेवणाच्या सुट्टीत त्यांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, मोबदला मान्य नसेल तर प्रकरण कोर्टाकडे पाठवा असा अर्ज द्यायचा. नोटीस हातात पडल्यापासून सहा आठवड्यांच्या आत. पैसे उचलतानाही नाराजीने घेतोय असं लिहून द्यायचं, बस.

संध्याकाळी मी दादांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान डोलावली. मग म्हणाले, "काका नाताळला येतील. दोघं मिळून जाऊ."

"नाताळच्या आधीच मुदत संपतेय, दादा."

"सरकारला कसली घाई? बावखल तर त्यांनीच घेतलंय. मी काय ते घेऊन पळतोय?"

"मग निदान आपल्या अर्ध्या हिश्शाचा तरी अर्ज द्या."

"अर्धं पानी कुठलं, ते मला दाखव," दादा म्हणाले.

मी डोकं आपटून घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी अर्ज टाइप करून आणला आणि पेनासकट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी हातही लावला नाही. मग मीच शेजारी काकींकडे गेले. त्या म्हणाल्या, मी ह्यांना पत्र टाकलंय, पण बोट कुठल्या बंदराला असेल देव जाणे. त्यांची सही चालणार नव्हती, कारण सातबाऱ्यावर त्यांचं नाव नव्हतं. दिवाळी आली, गेली. ज्या दिवशी मुदत संपली त्या दिवशी दादा नेहमीसारखे पानं खुडत होते. मी रागाने जेवले नाही. ते लक्षात यायलाही त्यांना उशीर झाला.

काका आले, नाताळ झाला, त्यांच्याकडून फराळाचं ताट आलं. मग दोघे जण धुतलेले कपडे घालून माझ्याबरोबर वकिलाकडे आले. वकिलांनी तारखा पाहिल्या आणि कागद परत केले. मुदत गेली, म्हणाले, आणि ती माफ करायचा अधिकार अर्ज घेणाऱ्या सरकारी साहेबालाही नाही. मग चष्मा पुसत सहज बोलून गेले, "तुम्हां दोघांपैकी एकानं जरी वेळेत अर्ज दिला असता ना, तरी दुसऱ्याच्या हिश्शाचंही काम झालं असतं."

जिन्यात काका थांबले. "बायकोचं पत्र मला मिळालं होतं," ते दादांना म्हणाले. "मी म्हटलं, तू हायस ना घरी. तू अर्ज घातलाच असशील."

"तुज्याबिगर कसा घालू?" दादा म्हणाले.

आम्ही तिघे एकाच रिक्षाने घरी आलो.

उन्हाळ्यात मुरमाचे ट्रक आले आणि बावखल भरून टाकलं. आम्ही बोअर मारली. पहिली दोन वर्षं पाणी गोड लागलं, मग मचूळ, मग खारट. पानवेली आधी गेल्या, केळी मागाहून. दादा तरीही रोज वाडीत जात आणि काहीतरी काम असल्यासारखे तिथेच बसून राहत. दोन्ही घरांत भांडण झालं नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. काका रजेवर आले की भेटून जात, बोटीची चौकशी होई, चहा होई, पण बावखलाचं नाव दोघांपैकी कुणी काढत नसे. मला दादांची कीव येई आणि त्यांचा संतापही येई. तत्त्वापायी माणसाने घराच्या हक्काचा मोबदला घालवावा, हे मला पटलं नाही. त्यांना मी ते तोंडावर सांगितलंही होतं. त्यांनी ऐकून घेतलं होतं.

दोन हजार सालानंतर, काका नोकरीतून कायमचे घरी आल्यावर वर्षभरात दादा गेले. दहाव्यानंतर काका आले आणि ओटीवर माझ्याशेजारी बसले. बराच वेळ ते रस्त्यावरच्या गाड्या बघत होते.

"तुला वाटतं तुजा बाप चुकला," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

"माज्या मागं त्यानं एकट्यानं अर्ज घातला तर मी रागवेन, असं त्याला वाटलं." काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "खरं सांगतो पोरी, मी रागावलोच असतो."