सुलभाचं शेवटचं वाक्य

सुलभाला मी शेवटचं पाहिलं ते फोनवर, जर्मनीतल्या एका दवाखान्यात. दोन दिवसांपासून ती तिकडची भाषा पार विसरली होती, आपल्या बोलीतच काहीतरी पुटपुटत होती. उशाशी उभी असलेली तिची मुलगी मीनल मला इंग्रजीत विचारत होती, "मावशी, आई काय म्हणतेय?" पोटच्या मुलीला आईचं बोलणं कळत नव्हतं... आणि त्याला कारण मी होते.

सुलभा माझी धाकटी बहीण. आमचं माहेर बहादरपूरचं, घरची केळीची शेती. तिचा नवरा तिकडे कारखान्यात लागला आणि तीन वर्षांनी सहा वर्षांची मीनल अन् चार वर्षांचा रोहन यांना घेऊन ती त्याच्याकडे गेली. मी जवळच्या शहरात, बुधवारा पेठेतल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. आपल्याला सगळं कळतं असा माझा तोरा होता. पहिल्याच हिवाळ्यात तिचा फोन आला, मुलं वर्गात मुकी बसतात म्हणून. घरात मराठी बंद करा, नाहीतर पोरं मागे पडतील, असं मी ठणकावलं. तिनं ऐकलं. माझं ती नेहमीच ऐकायची.

मुलं भराभर पुढे गेली. सुलभा मात्र भाषेच्या शिकवणीला जाऊनही अडखळत राहिली. मुलं आधी तिच्या चुका सुधारायची, मग हसायला लागली, पुढे कामापुरतंच बोलायला लागली. नवरा वारल्यावर तर घर गप्पच झालं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, निंबाला झोका बांधतात. सुलभाला एकदाही येणं जमलं नाही. त्या दिवशी ती फोन करून झोका बांधला का ते विचारायची आणि म्हणायची, "ताई, थोडी देर बोल ना. इथं मायासंगं कोनी बोलत नाई." मी पाच मिनिटांत आवरतं घ्यायचे.

दवाखान्यात ती म्हणत होती, "मले घरी ने ना, ताई."

मीनलला मी सांगितलं, आई म्हणतेय, मुलांनो, सुखी राहा. मीनलनं रडत आईचा हात गालाला लावला. खोटं बोलल्याचं मला तेव्हा बरंच वाटलं.

सुलभा गेली, आणि आता मीनलचा निरोप आलाय. आईच्या फोटोखाली तिला ते शेवटचं वाक्य आईच्या लिपीत हवंय, माझ्या हातचं. 'मुलांनो, सुखी राहा' हे तीन शब्द मी वळणदार अक्षरात लिहिले आणि पाठवून दिले.

परवा आखाजी झाली. माहेरी आमच्या भावानं निंबाला झोका बांधला. मी त्यावर एकटीच बसले आणि सुलभाशी आमच्या बोलीत बोलत राहिले... बराच वेळ.