शेवंताकाकूंची नवी कट्यार

जुन्नरच्या जुन्या बाजारातल्या गल्लीत शेवंताकाकूंना मी प्रथम पाहिले, तेव्हा त्यांच्या हातात घण होता. मी शाळेत सुतारकाम शिकवायला नुकताच लागलो होतो आणि बोथट झालेल्या पटाश्या घेऊन भट्टीवर गेलो होतो. काकूंचे यजमान रामभाऊ सांडशीत तापलेले लोखंड धरून बसले होते आणि काकू समोर उभ्या राहून घाव घालत होत्या. काम झाल्यावर त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला आणि पुन्हा घण उचलला. त्या दिवशी आमचे एवढेच बोलणे झाले.

रामभाऊ गेले तेव्हा भट्टी आता बंद होणार, असे सर्वांनीच धरून चालले होते. दिवस-कार्य आटोपले आणि काकू रामभाऊंच्या जागेवर जाऊन बसल्या. सांडशी त्यांनी स्वतः धरली, घण सून मंगलताईंच्या हाती दिला. कोयते, विळे, कुऱ्हाडी हे रोजचे काम. मधूनच कोणी देवघरात पूजण्यासाठी जुन्या घाटाची कट्यार मागे. ती घडवण्याची रीत रामभाऊंच्या वडिलांपासून घरात होती आणि काकूंनी ती घण मारता मारता पाहून घेतली होती. म्यान करायला लाकडाचा माणूस हवा, म्हणून त्यांनी मला बोलावले. अशी आमची भागी जमली.

भातकापणीच्या दिवसांत घाटघरच्या बाया विळे घेऊन यष्टीने येतात. काकू हातातले काम बाजूला ठेवून आधी त्यांचे विळे घेतात, कारण त्यांना परतीची गाडी गाठायची असते. थांबावे लागलेले बागायतदार कुरकुरतात. काकू त्यांना बसायला फळी देतात, पण क्रम बदलत नाहीत. माझी पत्नी वारली तेव्हा मी काम सोडून घरात बसलो होतो. एका दुपारी काकू सागाच्या दोन फळ्या घेऊन आल्या, माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, म्यान पायजे. सावकाश करा, घाई न्हाई.” त्या वेळी कोणाचीही मागणी नव्हती, हे मला मागाहून मंगलताईंकडून कळले.

पण काकूंविषयी सांगायचे तर पिंपरी पेंढारच्या कट्यारीचे सांगायला हवे.

तिथल्या दोन भावांच्या वाटण्या झाल्या. जमीन वाटली गेली, पण देवघरातली कट्यार एकच होती आणि ती दोघांनाही हवी होती. थोरले तात्या ती फडक्यात गुंडाळून भट्टीवर घेऊन आले. हुबेहूब अशीच दुसरी करा, म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी खरे काय ते सांगितले. नवी कट्यार गंज चढवून जुनी दिसेल अशी करायची होती आणि तीच खरी म्हणून धाकट्याला द्यायची होती.

काकूंनी कट्यार उलटसुलट करून पाहिली आणि फडक्यात परत गुंडाळली.

“तात्या, कट्यार मी करीन. पण म्हातारी करून देनार न्हाई.”

तात्या रागाने निघून गेले. त्या महिन्यात भट्टीवर काम फारच कमी होते. मंगलताई मला म्हणाल्या, आत्याबाईंनी हो म्हटले असते तर काय बिघडले असते? माझ्याही मनात तेच आले होते. काकूंनी ऐकले असावे. त्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या.

दसरा जवळ आला तसे तात्या पुन्हा आले. या वेळी ओशाळलेले होते. नवी ती नवीच म्हणून करा, म्हणाले. काकूंनी एकच अट घातली. पाणी पाजायच्या दिवशी, म्हणजे तापलेले पाते तेलात विझवून कडक करतात तेव्हा, दोघा भावांनी हजर राहायचे.

दोघे आले आणि लांब लांब बसले. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून काढलेले, मधोमध उभी शीर आणि टोकाला जाड असलेले ते पाते काकूंनी कित्येक दिवस घडवले होते. त्यांनी ते तेलात बुडवले आणि बारीकसा आवाज झाला. पात्याला तडा गेला होता.

काकू खाली बसल्या. उजवा खांदा दाबू लागल्या. इतके दमलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. शेवटी धाकटे वसंतराव म्हणाले, “काकू, आता?”

“आता परत,” काकू म्हणाल्या.

दुसरे पाते तयार झाले तेव्हा भाऊ पुन्हा आले. त्या दिवशी वीज नव्हती, म्हणून भट्टीचा पंखा हाताने फिरवावा लागला. आधी तात्या फिरवत होते. त्यांना धाप लागली, तेव्हा वसंतराव उठले आणि त्यांनी दांडा भावाच्या हातून घेतला. पाते नीट उतरले. मूठ जडवून, मी केलेल्या म्यानात घालून काकूंनी ती जुन्या कट्यारीशेजारी ठेवली आणि कोणती कोणाची ते इथेच ठरवा, म्हणाल्या.

वसंतरावांनी नवी उचलली. “जुनी दादाकडं राहू द्या. ही माज्या डोळ्यांदेखत झालीय.”

शेताच्या बांधावरून दोघा भावांचा वाद आहे, तो अजून मिटलेला नाही. दोघांचे एकमेकांकडे जाणे-येणे बेताचेच आहे. पण त्या घरात कट्यारीवरून पुन्हा शब्द निघाला नाही.

आता काकूंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. मंगलताईंचे मनगट सुजते आणि माझा हात रंध्यावर थरथरतो. तिघेही थकलो आहोत आणि आमच्यामागे हे काम कोणी करील असे दिसत नाही. काकूंच्या पंचाहत्तरीला निघणाऱ्या या गौरवग्रंथाचे आणि सत्काराचे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “त्यापरीस येक दिस भट्टी बंद ठिवा म्हणावं. मी झोपते.”

तेव्हा पंचाहत्तरीनिमित्त माझे मागणे एवढेच: काकूंना भरपूर आयुष्य लाभो, डोळ्यांना पुन्हा स्वच्छ दिसो, खांद्याची कळ थांबो. आणि सत्काराच्या दिवशी गल्लीतल्या कोणीही भट्टीवर विळा घेऊन जाऊ नये. काकूंना झोपू द्यावे.