पारबताची थुंकी

"ये देखो, काला पानी." डॉक्टरनं माझ्या बायकोच्या थुंकीची नळी उजेडात धरली. भोवतालचे शिकाऊ डॉक्टर हसले. पारबता खुर्चीवर तोंड उघडं ठेवूनच बसली होती. बंद कर म्हणून कोणी म्हटलंच नव्हतं.

"गुडाखू घिसके आई है. इन लोगों का कुछ नहीं हो सकता." नळी कचऱ्यात गेली.

मी बी हसलो. हे आधी लिहून टाकतो.

गोंदियाजवळच्या कुडव्याले शिबिर होतं. तोंडाच्या कॅन्सरचं. गालाच्या आतलं मांस बिघडू लागलं की त्यातलं एक द्रव्य थुंकीत उतरते. घाव दिसायच्या आधीच वाढते. पक्का रोग नाही, पण पुढं तपासा म्हणून इशारा. एंझाइम. हा शब्द मले मागाहून एका नर्सबाईनं सांगितला. सकाळपासून दाताले काही लावायचं नाही, हे बी तिनंच सांगितलं. शिबिराच्या आधी कोणी सांगितलं नाही.

आमच्याकडं बाया गुडाखूनं दात घासतात. तंबाखू अन् गुळाचा काळा लेप. पारबता एरवी एकदा घासे, त्या दिवशी दोनदा घासलं.

मी म्हटलं, "लग्नाले जाऊन राहिली का वो?"

"अजी, डॉक्टरसमोर तोंड उघडा लागते. वास नाही आला पायजे."

डॉक्टरचा मान राखला तिनं. त्यापायी तपासणी गेली.

"साहेब, उद्या न घासता आणतो," मी म्हणालो.

"अगला कॅम्प." मान वर केली नाही त्यानं.

अगला कॅम्प आला नाही. गोंदियाले दवाखान्यात जाऊ, असं मी एकदा म्हणालो. "मी नाही येत. हसतात," पारबता म्हणाली. दुसऱ्यांदा मी म्हणालो नाही. धानाची रोवणी चालू होती. पुढं तिले तिखट झोंबू लागलं. मग घास जाईल एवढं तोंड उघडेना. नागपूरले नेलं तवा रोग गळ्यात उतरला होता. शेवटी पेज बी जाईना.

त्या नळीत इशारा सापडला असता की नाही, मले ठाऊक नाही. पण कोणी पाहिलंच नाही.

लेक बालाघाटले दिली. घरात मी एकटा. भात अजून दोघांचाच शिजते. सकाळी उरलेला खातो. कधी कधी दिवसभर बोलाले कोणी नसते. मग पारबताच्या शिव्या आठवतो.

काही वर्षांनी आमच्या गावच्या शाळेत तसंच शिबिर आलं. रांगेत माझ्यापुढं दवनीवाड्याची एक बाई होती. दात काळे. शिकाऊ डॉक्टरीण म्हणाली, "छी, कितनी गंदी!" बाईनं तोंडावर पदर घेतला अन् उठू लागली.

यावेळी मले हसू आलं नाही.

"बस वो माय," मी म्हणालो. अन् डॉक्टरणीले विचारलं, "घासून येऊ नको, हे हिले काल कोणी सांगितलं का?"

"बाबा, आप बीच में मत बोलो."

"बोलीन. सांगितलं नाही तर चूक तुमची हाय. उद्या परत या. हिची थुंकी घ्या. काय निघालं ते हिच्या घरी जाऊन सांगा. हे सारं कागदावर लिहून द्या."

उद्या परत येतो, असं मोठ्या डॉक्टरनं लिहून दिलं. मले वाचता येते तेवढं वाचलं, उरलेलं मास्तरकडून वाचून घेतलं. मगच त्यांची गाडी जाऊ दिली.

आता शिबिराच्या आदल्या दिवशी मी घरोघरी जातो. "उद्या घासू नका. वास येऊ द्या. नाक मुरडणारा मुरडील." दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात उभा राहतो. तपासल्याबिगर एक बी बाई मागं फिरणार नाही. अन् जो फिरवील, त्याची गाडी मी गावातून निघू देणार नाही.