जोडीचे टायर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ट्रॉलीचे टायर पाहायला आर्वीला गेलो. देवाला नाही, डॉक्टरकडे नाही, टायरला. गिरजाने त्यासाठी ठेवणीतलं लुगडं काढलं होतं. मी म्हटलं, "अवं, टायर घ्याले चाललो आपून, पोरगी पाह्यले नाई."

"पोरगी पसंत नाई पडली त दुसऱ्या घरी जाता येते," ती म्हणाली. "भर रस्त्यात टायर फुटला त कुठी जासान?"

गिरजा माझी बायको. ती शाळेत गेली नाही, मी चौथीत सोडली. पण आमच्या घरी टायर तीच पाहायची. कारण साधं आहे. ट्रॅक्टर मी हाकायचो आणि मागे ट्रॉलीत ती बसायची, आमच्या रोहणा गावच्या बाया घेऊन, कापूस वेचायला. "तुमी पुढं गादीवर बसता," ती म्हणायची, "टायर रायते आमच्या बुडाखाली. मंग पाह्यन कोन?" ट्रॉली कलंडली तर ट्रॅक्टरवाला उभाच राहतो, मागच्या बायांना उडी मारायलाही जागा नसते. हे तिच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

तिची टायर पाहायची रीत भाजीबाजारातली. आधी बाजूच्या रबरात अंगठ्याचं नख रुतवायची. मग टायर उजेडात फिरवून बारीक भेगा शोधायची. नक्षी खोल आहे म्हणून भुलायची नाही. दुकानात पडून पडून वाळलेला टायर वरून कोरा दिसतो आणि उन्हात भार पडला की फाटतो. "वांगं बी वरून चमकते," म्हणायची. आणि सगळं पाहून झालं की दुकानदाराला शेवटचा सवाल, "याच्यावर तुया मायले बसवशीन का?"

या सवालापुढे भले भले गडबडायचे. एकदा पुलगावला एका दुकानदाराने जुन्याच टायरवर नवं रबर चढवलेला माल पुढे केला. गिरजाने विचारलं. तो म्हणाला, "बेधडक बसवतो मावशी!"

"मंग बलाव तिले."

"माय... माय वारली माही."

"मंग सासूले बलाव."

"सासूले? सासूले त आत्ता बसवतो!"

सगळं दुकान हसलं. सगळ्यात जास्त गिरजा हसली, पदर तोंडात कोंबून. आणि हसत हसतच बाहेर पडली. मी विचारलं, काऊन, पसंत नाही पडला? म्हणाली, "मायचं नाव घेतलं तवा तो चाचरला अन् सासूचं घेतलं तवा खूश झाला. अजून काय पाह्यजे तुमाले?"

दुसरा तिचा शब्द म्हणजे जोडी. आमच्या ट्रॉलीला दोनच चाकं. एकदा एक टायर गेला म्हणून मी तेवढाच नवा बसवला, दुसरा झिजून गोटा झालेला तसाच ठेवला. गावात सगळे तसंच करतात. ट्रॉली एका बाजूला ओढायला लागली आणि बाया घसरून एकमेकींच्या मांडीवर. मागून गिरजाची आरोळी आली, "अवो, थांबा! एक खोंड अन् एक म्हातारा बैल जुंपला तुमी!" त्या दिवसापासून टायर घ्यायचे ते दोन्ही एका मापाचे, एका कंपनीचे, एका वयाचे. हवा सकाळीच पाहायची, टायर थंड असताना. "तापला का खोटं बोलते थो," ती म्हणायची, आणि माझ्याकडे बघायची. मी तापट आहे.

तर ती जोडीही झिजली होती, म्हणून त्या दिवशी आर्वीला. रफिक म्हणून नवा दुकानदार होता. त्याने आधी कारचे टायर दाखवले. "मावशी, माप बराबर जमते."

"माप जमते, पन भार जमते का? बाया रायते आमच्या, अन् वरून कापसाची गाठोडी."

तो प्रामाणिकपणे म्हणाला, "नाई मावशी, एवढा भार याले नाई झेपत." मग माल वाहायचा टायर काढला. गिरजाने नख लावलं, भेगा पाहिल्या, सवाल केला. रफिकने टायर स्वतःच एकदा उजेडात फिरवला. म्हणाला, "अम्मीले याच्यावर बसवतो. पन दोन्ही असेच पायजे. अन् दुसरा उद्या सकाळी येईन, मीच घरी आनून देतो."

गिरजा इतकी खूश झाली की त्याला म्हणाली, "तुया अम्मीले सलाम सांगजो."

एक टायर आम्ही मालाच्या ऑटोत टाकून घरी आणला. ती वाटभर मागे वळून बघत होती, पाहुणा बसलाय तसं. अंगणात भिंतीला टेकवला. नव्या वस्तूला हळदकुंकू लावायची तिची चाल, म्हणून मी करंडा आणून दिला. तिने परत केला.

"एकट्याले नाई लावत. जोडी येऊ द्या, संग लावतो."

संध्याकाळी चहा मांडायला उठली आणि चुलीपाशी बसली, ती बसलीच. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. मला रडू नाही आलं, राग आला. एवढं काम अर्धं टाकून कोणी जातं का?

सकाळी अंगण माणसांनी भरलं. बायांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, कपाळ कुंकवानं भरलं. तिच्या माहेरच्या बाया फाट्यावर उतरल्या होत्या. शेजारचा हरी म्हणाला, "काका, ट्रॉली जोडतो, आनतो त्याइले."

"त्या ट्रॉलीत एकही बाई बसनार नाई!" मी ओरडलो. सगळ्यांना वाटलं, म्हातारा बिघडला.

तेवढ्यात फाटकाशी मालाचा ऑटो थांबला. रफिक उतरला, माणसं पाहिली, आणि तिथेच थिजला. "चाचा, मी नंतर येतो."

"उतरव," मी म्हटलं.

आम्ही दोघांनी टायर लोटत आणला आणि पहिल्याच्या बाजूला उभा केला. मी नख लावून पाहिलं. भेगाही पाहिल्या. मग बायांच्या हातातलं कुंकवाचं ताट मागितलं. एक म्हातारी म्हणाली, "अवो भाऊ, हे काऊन?"

"जोडी आली," मी म्हटलं.

दोन्ही टायरांना मी हळदकुंकू लावलं. रफिकला आणि हरीला ते ट्रॉलीला बसवायला सांगितलं. आणि बोटं तशीच लाल घेऊन तिला सांगायला आत गेलो.