आबांच्या खाटेवर आडवे झालेले एसीवाले

मंडळी, आज दुपारी जे घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझे सासरे, आबा, लकव्यामुळं वर्षभर खाटेवर आहेत. स्लॅबखालची त्यांची खोली दुपारी नुसती भट्टी होते, म्हणून एसी बसवायचं ठरवलं. आधी दोन एसीवाले येऊन गेले. टेपनं खोली मोजली, मोठा एसी खाटेसमोर लावू म्हणाले, खर्च सांगितला आणि गेले.

आज कोरेगावचे तिसरे आले, सैन्यातून निवृत्त झालेले. मुद्दाम दोन वाजता, ऐन उन्हात. म्हणाले, "ताई, आबांना जरा खुर्चीत बसवा." आणि स्वतः त्या खाटेवर उताणे पडले. चांगली पंधरा मिनिटं! मला तर हसूच आलं.

घामाघूम होऊन उठले. "धग वरनं येतीया. आदी स्लॅबला चुना मारा, मग लहान एसी पुरंल, पैसं बी वाचतील. आन् समोर नगं, वारं थेट तोंडावर येणार. आबांना कूस बदलता येत न्हाई."

माझं हसू कुठल्या कुठं गेलं. वर्षभर त्या खाटेवरची चादर मीच बदलते. तिथं एकदा आडवं होऊन बघावं, हे मला कधी सुचलंच नाही.

तुम्हाला सुचलं असतं?